थर बसेपर्यंत

मिस्त्रीच्या घरी ओव्हन नव्हता आणि केक करण्याचा अनुभव त्याला किंवा त्याच्या आधीच्या सात पिढ्यांत कुणाला नव्हता. तरीही त्या दिवशी सून कामावर आणि नात शाळेत गेल्याबरोबर त्यानं बाहेरच्या दाराला कडी लावली, बाह्या वर सारल्या आणि ओट्यासमोर जाऊन उभा राहिला. उभा राहिला तो असा, की बघणाऱ्याला वाटावं, समोर ओटा नसून पडायला आलेली भिंत आहे आणि ती कुठून उतरवायची याचा हा अंदाज घेतोय.

दुसऱ्या दिवशी नातीचा वाढदिवस होता. सात वर्षं पूर्ण होत होती. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण झोपताना सोडली तर ती एका जागी थांबलेली कुणी पाहिली नव्हती, आणि झोपेतही ती आजोबाला लाथा मारायचीच. मिस्त्रीला तिच्यासाठी तिच्या बापाचा केक करायचा होता. हा केक भाजायचा नसतो, नुसता थंड करून बसवायचा असतो. तळाला चॉकलेटच्या बिस्किटांचा चुरा, त्यावर कॅरेमल, त्यावर अख्खी बिस्किटं, पुन्हा कॅरेमल आणि सगळ्यांच्या डोक्यावर चॉकलेटचं झाकण. मिस्त्रीचा मुलगा फरशा बसवायचा. एकदा कुठल्याशा हॉटेलच्या स्वयंपाकघरात फरशा बसवताना तिथल्या आचाऱ्यानं त्याला हे शिकवलं होतं. लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला त्यानं केला, दुसऱ्याला केला, तिसऱ्याला केला. चौथा वाढदिवस यायच्या आधीच एका ट्रकनं त्याची मोटरसायकल उडवली. त्यानंतर त्या घरात तो केक झाला नाही.

वरवर पाहणारा म्हणेल, वा, काय आजोबा आहेत, नातीचं किती कौतुक! पण खरं काय ते सांगून टाकलेलं बरं. मिस्त्री कौतुकानं केक करत नव्हता. तो गळ टाकत होता.

झालं होतं असं. सून एका औषधाच्या दुकानात कामाला होती. त्या दुकानाला लागूनच चष्म्याचं दुकान होतं. तो चष्मेवाला शांत होता, निर्व्यसनी होता, हळू बोलायचा, भिंगरी दुकानात गेली की तिला जुन्या काचा खेळायला द्यायचा. थोडक्यात, त्याला नाव ठेवायला कुठे जागाच नव्हती, आणि मिस्त्रीचं दुःख नेमकं तेच होतं. एखादा दारुडा असता तर मिस्त्रीनं त्याला उभा-आडवा सोलला असता. या माणसाचं करायचं काय?

गेल्याच आठवड्यात जेवणं झाल्यावर सुनेनं ताटं उचलली नाहीत. ती तशीच बसून राहिली आणि म्हणाली, "बाबा, तुमच्यापासून लपवून मी काही करणार नाही. त्यांनी मला विचारलंय. लग्नाचं. आणि ते दुकान हलवतायत, दुसऱ्या गावी. म्हणजे आम्हाला तिकडे जावं लागेल."

मिस्त्री ताटातल्या मिठाकडे बघत राहिला.

"पण एक सांगते," सून म्हणाली, "भिंगरीला विचारल्याशिवाय मी होकार देणार नाही. तिचा वाढदिवस होऊ दे, मग विचारते. ती नको म्हणाली, तर विषय तिथेच संपला. मी इथून हलणार नाही. हा माझा शब्द."

"बरं," मिस्त्री म्हणाला. त्यानंतर पाणी दे आणि दिवा घालव याखेरीज तो तिच्याशी बोलला नव्हता.

बायको जाऊन त्याला युग लोटलं होतं. मुलगा गेला. आता या दोघी गेल्या, तर या घरात तो आणि भिंती उरणार होते, आणि भिंतींचा त्याला काही उपयोग नव्हता. जन्मभर त्यानं त्या दुसऱ्यांसाठीच बांधल्या होत्या. भिंगरीनं नाही म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. तोंडानं तो तिला "नाही म्हण" असं सांगणार नव्हता, तेवढी लाज त्याला होती. पण वाढदिवसाच्या दिवशी बापाच्या हातची चव तिच्या जिभेवर आली, त्याच स्वयंपाकघरात, त्याच टेबलापाशी, तर दुसऱ्या दिवशी आईनं विचारल्यावर ती पोर काय म्हणेल? कुठल्या पोरीचा पाय निघेल? असा त्याचा हिशेब होता. हिशेब बरा नव्हता हे त्यालाही कळत होतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि काडी कुणाची हे बुडणारा बघत नाही.

चवीबद्दल त्याला खात्री होती, कारण तिची आठवण त्यानं मोडू दिली नव्हती. गेली तीन वर्षं शाळेतून घरी येताना तो भिंगरीला विचारायचा, "पप्पांचा केक आठवतो ना गं?"

"हो."

"वरचं चॉकलेट कसं वाजायचं?"

"कडकन!"

"आणि आत?"

"आत चिकट चिकट!"

की म्हातारा खूश. बाप पोरीच्या मनात पक्का बसलाय, याचा त्याला कोण आनंद व्हायचा.

तर आदल्या संध्याकाळी बिस्किटं आणायला तो कोपऱ्यावरच्या दुकानात गेला होता, तेव्हा दुकानदारानं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय मिस्त्री, सिमेंट सोडून बिस्किटं? म्हातारपणी दात आले वाटतं!"

"चौकोनी दे," मिस्त्री म्हणाला. "गोल नकोत. आणि कोपरे तुटलेली मी घेणार नाही, आधीच सांगतो."

"खायचीत ना? की भिंतीला लावायचीत?"

मिस्त्रीनं प्रत्येक पुडा कानाशी धरून हलवून बघितला, खुळखुळणारे बाजूला काढले आणि दुकानदाराला पुरता वैताग आणून मगच तो लोणी, क्रीम, साखर आणि चॉकलेटच्या वड्या घेऊन निघाला.

कृती कुठे लिहिलेली नव्हती. मुलगा करायचा तेव्हा मिस्त्री शेजारी खुर्ची टाकून बसायचा आणि नावं ठेवायचा, "बायकी कामं शिकून आलाय." नावं ठेवता ठेवता डोळे मात्र हातावर असायचे, कारण हात कुणाचाही असो, काम करणारा हात दिसला की मिस्त्रीला नजर काढता येत नसे. त्यामुळे क्रम त्याला पाठ होता. पहिल्यांदा त्यानं बिस्किटं फडक्यात बांधून लाटण्यानं ठेचली. पातळ केलेलं लोणी त्यात घातलं आणि चुरा मुठीत दाबून पाहिला. मूठ उघडली तरी मुटका मोडला नाही, तेव्हा मान हलवली. मग तो डब्यात घालून वाटीच्या बुडानं असा ठोकून बसवला, की त्यावर जिना चढवावा. डबा फ्रिजमध्ये ठेवला आणि फ्रिजच्या दारासमोर स्टूल टाकून बसला. पहिला थर बसल्याशिवाय दुसरा चढवायचा नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. घाई केलेल्या भिंती त्यानं पडताना पाहिल्या होत्या.

कॅरेमलनं त्याला पहिल्यांदा फसवलं. कोरडी साखर पातेल्यात टाकून ती विस्तवावर वितळवायची, हे ठाऊक होतं. पण दारावर कोणीतरी थाप मारली. बघतो तर पत्ता चुकलेला माणूस. त्याला रस्ता सांगून मिस्त्री परत येईपर्यंत साखर काळी ठिक्कर पडली होती आणि घरभर धूर. त्यानं पत्ता चुकलेल्याला, त्याला पत्ता देणाऱ्याला आणि साखर बनवणाऱ्याला अशा तिघांना शिव्या दिल्या, पातेलं भिजत टाकलं आणि दुसरं घेतलं. या वेळी तो हलला नाही. मुलाचं वाक्य त्याच्या कानात होतं, "बाबा, साखरेला ढवळायचं नाही. नुसतं बघायचं. ती आपणहून होते." कडेनं साखर विरघळली, मग मधोमध, मग सगळ्या पातेल्याचा रंग बिनदुधाच्या चहासारखा झाला. लोणी पडताच ती फसफसून वर आली. मिस्त्री दचकून मागे सरला, पण चमचा सोडला नाही. क्रीम घातलं, मीठ घातलं. चमच्याची धार पडू लागली, तशी आच बंद केली. चाटून पाहिलं तेव्हा त्याची जीभ भाजली, आणि भाजल्या जिभेलाही कळलं की हे तेच आहे. तो ओट्याला धरून थोडा वेळ उभा राहिला. मुलाची त्याला इतकी आठवण आली, की त्यानं रिकाम्या स्वयंपाकघरात त्याला हाक मारली.

अर्धं कॅरेमल तळाच्या थरावर ओतून झालं, मग बिस्किटांची फरशी. मुलगा हे काम करायचा तेव्हा मिस्त्रीची टीका बंद व्हायची, कारण इथे पोरगा बापाचाच धडा गिरवत असे. एका ओळीचा सांधा दुसऱ्या ओळीच्या सांध्यावर येऊ द्यायचा नाही. कडेला अर्धं बिस्किट लागलं तर ते सुरीनं रेघ मारून मोडायचं, दातानं नाही. मिस्त्रीनं घासून, उकळून घेतलेली एक छोटी थापी हातात घेतली. गिलावा करायची ती थापी लोखंडी होती आणि नवी होती, एवढंच तिच्या बाजूनं सांगता येईल. त्या थापीनं त्यानं उरलेलं कॅरेमल असं सपाट केलं, की डब्यात वाकून पाहिलं तर आपलं तोंड दिसावं. पुन्हा फ्रिज, पुन्हा स्टूल.

उरलं होतं फक्त चॉकलेट. उकळत्या पाण्यावर वाडगा ठेवून त्यात वड्या टाकल्या, त्या वितळल्या, चकचकीत झाल्या. मिस्त्री मनात म्हणाला, जिंकलं. तेवढ्यात त्याला वाटलं, माल जरा घट्ट आहे. थापीवरून नीट उतरत नाहीये.

आता, मिस्त्रीच्या हाताला आयुष्यभर एकच इलाज माहीत होता. माल घट्ट झाला की त्यावर पाण्याचा हबका मारायचा. उन्हात, वाऱ्यात, पहिल्या मजल्यावर आणि सातव्या मजल्यावर, त्या हातानं हेच केलं होतं. त्यानं विचार केला नाही. विचार करायची गरजच कधी पडली नव्हती. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात ते काय उगीच? शेजारच्या भांड्यात त्यानं बोटं बुडवली आणि चॉकलेटवर पाणी शिंपडलं.

चॉकलेट बघता बघता फाटलं. चमक गेली, रवा झाला, मग त्याचा एक कोरडा, मुका गोळा झाला. मिस्त्रीनं आणखी थोडं पाणी मारलं. गोळा आणखी आवळला. त्यानं थापीनं तो दाबला, पसरला, पण तो वाळूसारखा भसाभस तुटत होता. दुकानातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या वड्या तो घेऊन आला होता, आणि त्या सगळ्या त्या वाडग्यात होत्या.

कडी वाजली तेव्हा तो तसाच वाडगा धरून उभा होता. सून दुपारच्या सुट्टीत घरी आली होती. ती आत आली, तिनं ओटा पाहिला, भिजत टाकलेलं काळं पातेलं पाहिलं, बिस्किटांचे रिकामे पुडे पाहिले. मग फ्रिज उघडून डब्यातली ती तुळतुळीत कॅरेमलची जमीन पाहिली. फ्रिजचं दार तिनं फार हळू लावलं.

"त्यांचा केक," ती म्हणाली.

मिस्त्री म्हणाला, "चॉकलेट फाटलं."

"पाणी घातलंत?"

"घट्ट होतं. हबका मारला."

सुनेला हसू आलं. रडूही आलं असावं, कारण ती पाठ करून पदराशी काहीतरी खेळत राहिली. मग ती वळली आणि मिस्त्रीच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाली, "बाबा, तुम्ही हा आत्ताच का करताय, ते मला कळतंय."

चोरी पकडली गेली की माणूस एक तर चिडतो, नाही तर गप्प बसतो. मिस्त्री गप्प बसला. तिनं आता हात झटकून आत निघून जावं, असं त्याला वाटलं. तसं झालं असतं तर त्याला तिचा रागही धरता आला असता. पण तिनं पर्स खुंटीला अडकवली, हात धुतले आणि उरलेलं क्रीम एका लहान पातेल्यात ओतून गॅसवर ठेवलं.

"थोड्या पाण्यानं ते आवळतं," ती म्हणाली. "एकदा त्यांचंही असंच झालं होतं. आता भरपूर गरम क्रीम घालायचं, एकदम नाही, थोडं थोडं. तुम्ही ढवळा. तुमचा हात जड आहे, तोच हवा."

"तू कशाला करतेस?" मिस्त्रीला राहवलं नाही. "तुला कळतंय ना? मग कशाला?"

"अर्धा राहिला तर मला बघवणार नाही."

मग दोघं ओट्यापाशी उभी राहिली. ती ओतत होती, तो ढवळत होता. गोळा सैल झाला, रवा विरला आणि हळूहळू ती जुनी चमक परत आली. सासऱ्याला सुनेची कीव आली, स्वतःची लाज वाटली, आणि तरी गळ काही त्यानं मागे ओढला नाही. चॉकलेट डब्यात ओतून त्यानं वरून सपाट केलं आणि डबा फ्रिजच्या सगळ्यात मागे, भिंगरीचा हात पोचणार नाही असा, लपवून ठेवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भिंगरीच्या मैत्रिणी येणार होत्या. त्यांच्यासाठी वेगळा खाऊ होता. हा केक मिस्त्रीला त्यांच्या आधी, तिघांतच कापायचा होता. शाळेतून आल्या आल्या त्यानं भिंगरीला हात धुवायला लावले, खुर्चीत बसवलं आणि डोळे मिटायला सांगितले. डबा टेबलावर ठेवून त्यानं सुरी गरम पाण्यात बुडवून पुसली.

"उघड!"

भिंगरीनं डोळे उघडले. "केक!"

"कुणाचा?"

"पप्पांचा!" ती म्हणाली, आणि मिस्त्रीनं सुनेकडे असं पाहिलं, की हा बघ, ऐकलंस?

सुरी वरच्या थरातून खाली गेली. कापलेल्या बाजूला सगळे थर एकाखाली एक स्पष्ट दिसत होते. सून पहिला घास तोंडात घालून थांबली. तिनं चमचा ताटलीत ठेवला, उठली आणि नळाशी जाऊन उगीचच एक धुतलेलं भांडं पुन्हा धुवायला लागली. मिस्त्रीनं घास घेतला. आधी चॉकलेट, मग बिस्किट, मग ते खारट-गोड. काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. मुलगा समोर बसून "काय बाबा, बायकी काम जमलंय ना?" असं विचारत असता, तर तो आत्ता नक्की "जमलंय" म्हणाला असता. तेव्हा कधी म्हणाला नव्हता.

"काय भिंगरी? असाच ना?"

"हो," भिंगरी तोंड भरून म्हणाली.

तिथे थांबला असता तर त्याला हवं ते मिळालं होतं. पण कारागीर माणूस, कौतुकानं त्याचं पोट भरत नाही, त्याला उणं काढून हवं असतं. वरचा थर क्रीम घातल्यानं मऊ राहिला होता, त्याची टोचणी त्याला होतीच. म्हणून त्यानं विचारलं, "नीट आठवून सांग हं. वरचं चॉकलेट पप्पांचं जास्त कडक असायचं, की असंच?"

भिंगरीनं चमचा चाटला. आईच्या पाठीकडे पाहिलं. मग आजोबाकडे पाहिलं. "तुला काय वाटतं?" तिनं विचारलं.

"मला काय वाटतं ते राहू दे. तुला काय आठवतं?"

"कडक... म्हणजे जास्त नाही... थोडं..." ती खुर्चीत चुळबुळायची थांबली होती. भिंगरी एका जागी स्थिर बसली होती. "आजोबा, खरं सांगू? रागावणार नाहीस ना?"

"नाही गं."

"मला पप्पांचा केक आठवत नाही."

नळ चालू होता, पण भांडं धुतल्याचा आवाज बंद झाला.

"अगं, असं काय करतेस? रोज तर सांगतेस. कडकन, चिकट चिकट..."

"ते तूच सांगितलं होतंस. मग मी म्हणते." ती घाईघाईनं म्हणाली, "पप्पा थोडेसे आठवतात. त्यांचे बूट आठवतात. केक नाही आठवत."

"मग हो का म्हणायचीस?"

"पहिल्यांदा मी नाही म्हटलं होतं. तेव्हा तुझं तोंड असं झालं." तिनं दोन्ही बोटांनी आपले गाल खाली ओढले, डोळ्यांच्या खालच्या कडा लाल दिसेपर्यंत. "मला नाही आवडत तुझं तोंड तसं झालेलं. मग मी हो म्हणते."

तीन वर्षं मिस्त्री समजत होता, आपण पोरीच्या मनात तिचा बाप जपतोय. आणि ती पोर, दुधाचे दात पडायच्या आधीपासून, रोज शाळेच्या रस्त्यानं आजोबाला जपत होती.

"छान आहे पण," भिंगरी त्याची समजूत काढत म्हणाली. "खूप छान आहे. आजपासून आठवेल." आणि ताटली चाटूनपुसून ती नवा फ्रॉक घालायला आतल्या खोलीत पळाली.

सुनेनं नळ बंद केला. ती वळली नाही. मिस्त्री टेबलावरच्या डब्याकडे बघत होता. इतका साधा हिशेब आपल्याला आधी कसा कळला नाही, असं त्याला वाटत होतं. उद्या हिनं विचारलं, "भिंगरी, जाऊ या का आपण?" तर ती आधी आजोबाच्या तोंडाकडे बघणार आणि नको म्हणणार. त्यासाठी केकची गरजच नव्हती. त्याला जे हवं होतं ते कधीच त्याच्या खिशात पडलेलं होतं. नुसतं तोंड पाडायचं, की झालं. आणि मग ती पोर मोठी होईल, कळती होईल, आईला एकटी म्हातारी होताना बघेल, आणि हे आपल्या एका शब्दानं झालं, असं जन्मभर मनात घेऊन फिरेल.

"सूनबाई," तो म्हणाला, "तिला विचारू नकोस."

ती झटकन वळली. तिचा चेहरा उतरला. "बाबा, तिला विचारणार हे तर मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं. तेवढंही नको?"

"विचारलंस तर ती नको म्हणेल."

"मग नाही जाणार मी. शब्द दिलाय."

"अगं, माझ्यासाठी नको म्हणेल ती! ऐकलंस ना आत्ता? केकला हो म्हणाली, तशी." त्याचा आवाज चढला आणि लगेच बसला. "सात वर्षांच्या पोरीच्या डोक्यावर कसलं ओझं देतोय आपण? तू चांगल्या मनानं दिलंस, मी वाईट मनानं, पण डोकं तिचंच. तिला विचारायचं नाही. सांगायचं. आपण जातोय, असं सांगायचं. आणि मी समोर असताना सांग, म्हणजे तिला माझ्या तोंडाची काळजी राहणार नाही."

सुनेनं ओले हात पदराला पुसले. "आणि तुम्ही? तुम्हीही चला. ते नाही म्हणणार नाहीत."

"त्याच्या घरात येऊन मी काय करू? भिंती बघीन आणि नावं ठेवीन. तो बिचारा काही बोलणार नाही, म्हणजे मग भांडणाचीही सोय नाही."

ती हसली नाही. खुर्चीत बसून, तोंड हातांनी झाकून ती रडली, मुलगा गेला तेव्हासुद्धा मिस्त्रीनं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याला काही शहाणपणाचं सुचलं नाही, म्हणून तो "असू दे पोरी, असू दे" एवढंच म्हणत राहिला.

"बोलाव तिला," तो शेवटी म्हणाला. "नंतर माझ्यानं व्हायचं नाही."

भिंगरी फ्रॉकचा पट्टा मागे लोंबत तशीच आली. आईनं डोळे पुसले होते. तिनं मुलीला जवळ घेऊन पट्टा बांधला आणि बांधता बांधता सांगितलं, की आपण दोघी चष्म्याच्या दुकानातल्या काकांकडे राहायला जाणार आहोत, दुसऱ्या गावी. तिथे नवी शाळा असेल. सुट्टीत इकडे यायचं.

भिंगरीनं आईकडे पाहिलं नाही. तिनं मान वळवून सरळ मिस्त्रीच्या तोंडाकडे पाहिलं.

मिस्त्री हसला. आयुष्यात यापेक्षा अवघड काम त्यानं केलं नव्हतं. "मज्जा आहे बुवा एका मुलीची!" तो म्हणाला.

ती जवळ आली. त्याच्या गुडघ्यांवर हात टेकून तिनं त्याचा चेहरा अगदी जवळून तपासला, डोळे, गाल, पुन्हा डोळे. मिस्त्रीनं हसू जागचं हलू दिलं नाही.

"खरंच जाऊ?"

"खरंच."

आणि मग एकदम बांध फुटावा तशी ती बोलायला लागली. काका तिला खूप आवडतात. काकांकडे एक काच आहे, तिच्यातून मुंगी घोड्याएवढी दिसते. काकांनी तिला सांगितलंय, नवीन दुकानात तिच्यासाठी एक स्टूल ठेवणार. हे सगळं तिला कधीपासून सांगायचं होतं. ती आजोबाला सांगत होती, हात नाचवत, गिरक्या घेत, आणि आजोबा "अस्सं?" आणि "अरे वा!" करत होता. इतके दिवस हे सगळं या एवढ्याशा पोरीनं कुठे दाबून ठेवलं होतं कोण जाणे. बाहेर मैत्रिणींची हाक आली, तेव्हा कुठे ती थांबली आणि धावत सुटली.

दार आपटलं. सुनेनं मिस्त्रीची अर्धी राहिलेली ताटली त्याच्यापुढे सरकवली. त्यानं चमचा उचलला आणि खायला लागला. अगदी पोराच्या हातच्यासारखा झाला होता केक.